क्षयजंतूंचे जीनोम क्लाउडवर : प्रकल्प नोंदी, जून ते ऑक्टोबर २०२४

३ जून, सोमवार

नवी वही. क्षयजंतूंच्या जीनोमचं विश्लेषण जुन्या सर्व्हरवरून क्लाउडवर हलवायचं, असं मॅडमनी आज ठरवलं. निमित्त गेल्या गुरुवारचं. सोमवारी लावलेला रन चौथ्या दिवशी शेवटच्या टप्प्यात होता. सकाळी दुरुस्तीसाठी वीज गेली, यूपीएसनं चाळीस मिनिटांत मान टाकली आणि रन गेला. पुण्यात गुरुवारी वीज जाते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, फक्त रन लावताना मी वार मोजले नाहीत. म्हणून ही वहीही माझ्याच गळ्यात.

कामाचं स्वरूप असं. आमच्याकडे ९४ नमुन्यांचं डीएनए-वाचन आहे, सगळं कल्चरमध्ये वाढवलेल्या जंतूंचं. सोबत दोन कंट्रोल, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेले नमुने. पहिला एच३७आरव्ही, म्हणजे सगळ्या औषधांना वश (आमच्या भाषेत 'संवेदनशील') असलेला प्रयोगशाळेतला जुना जंतू. दुसरा रिफाम्पिसिन आणि आयसोनियाझिड या क्षयाच्या दोन मुख्य औषधांना दाद न देणारा. एकूण ९६, एक प्लेट भरून. शिवाय तुलनेसाठी सार्वजनिक संग्रहातले भारतातून आलेले सहाशेच्या आसपास नमुने. प्रत्येकात औषधरोधाच्या खुणा शोधायच्या, लिनिएज (जंतूची वंशशाखा) ठरवायचं, कोण कोणाच्या जवळचं ते पाहायचं.

५ जून, बुधवार

मॅडमनी विचारलं, "क्लाउड खरंच लागतो, की सगळे करतात म्हणून आपण?" रास्त प्रश्न. बसून हिशोब केला.

क्षयजंतूचा जीनोम ४४,११,५३२ अक्षरांचा. माणसाच्या जीनोमचा साधारण सातशेवा हिस्सा. एका नमुन्याला आमच्या सर्व्हरवर चार कोअर आणि पाऊण तास लागतो. चार नमुने एका वेळी लावले तर सातशे नमुने साडेपाच दिवसांत होतील. म्हणजे गणितासाठी क्लाउड लागतो असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

अडतं ते डाउनलोडवर. सार्वजनिक नमुनेच दोन-अडीचशे जीबी. आमच्या लाइनवर रात्रभरात पंधरा-वीस जीबी उतरतं, तेही मध्ये तुटलं नाही तर. पुण्यातच आयसरमध्ये परम ब्रह्म आहे, तिथे वेळ मागू या का, हेही बोलून झालं. पण तिथेही डेटा आधी आणून ओतावाच लागणार.

अमेरिकेच्या एनसीबीआय या जैवमाहिती केंद्रानं एसआरए हा त्यांचा संग्रह ॲमेझॉन आणि गूगल दोघांच्या क्लाउडवरही ठेवला आहे. ॲमेझॉनवरची सार्वजनिक प्रत व्हर्जिनियात. मग दळण घरी आणून दळण्यापेक्षा गिरणीच तिकडे न्यावी. डेटा जिथे आहे त्याच रीजनमध्ये (क्लाउड कंपनीच्या त्याच ठिकाणच्या केंद्रात) मशीन भाड्यानं घ्यायचं, दळायचं आणि फक्त पीठ घरी आणायचं. एका नमुन्याचं वाचन तीन-चारशे एमबी, त्यातून निघणारी बदलांची यादी काहीशे केबी. क्लाउडमध्ये माल टाकायला सहसा पैसे पडत नाहीत, बाहेर काढायला पडतात. त्यामुळे तिथेही फायदा.

आमचे ९४ मात्र देशाबाहेर जाणार नाहीत, ते मुंबई रीजनमध्येच. म्हणजे पाइपलाइन (विश्लेषणाच्या टप्प्यांची साखळी) एक, गिरण्या दोन.

११ जून, मंगळवार

अकाउंट्समध्ये दीड तास. काकांचा पहिला प्रश्न, "हे उपकरण की उपभोग्य वस्तू?" मी म्हटलं, भाडं आहे. "कसलं भाडं? जागेचं?" एका अर्थी जागेचंच. "मग डेडस्टॉक रजिस्टरला काय लावायचं?" काहीच नाही, काका, महिनाअखेर काही उरतच नाही. ते त्यांना अजिबात आवडलं नाही.

हसण्यावारी नेण्यासारखं नाही हे. आमच्या अनुदानात उपकरणांचं हेड भरलेलं आहे आणि आवर्ती खर्चाचं हेड रिकामं. दहा लाखांचा सर्व्हर घेतला तर उद्या सही होईल, महिन्याला पाच हजाराचं भाडं मात्र कुठल्याच रकान्यात बसत नाही. शेवटी 'कंटिन्जन्सी'मध्ये बसवलं. जीएसटी १८ टक्के धरून.

२० जून, गुरुवार

वीज नाही, म्हणून कागदांचा दिवस. एथिक्स कमिटीचं पत्र आलं, तीन अटी. रुग्णाची ओळख पटेल असं काहीही वर चढवायचं नाही. माणसाच्या डीएनएचे तुकडे आधी इथेच गाळायचे. डेटा कुलूपबंद ठेवायचा आणि किल्ली आमच्याकडे.

दुसरी अट मला औपचारिक वाटली होती, कारण कल्चरमधून काढलेल्या डीएनएत माणसाचा अंश अगदी कमी. थुंकीतून थेट वाचन केलं असतं तर गोष्ट वेगळी. तरी गाळणी लावली.

पहिली अट सोपी वाटली आणि तिथेच फसणार होतो. अपलोडची यादी शेवटची म्हणून डोळ्याखालून घातली, तर २०२१ च्या अकरा फायलींच्या नावांत नमुना क्रमांकापुढे रुग्णाची आद्याक्षरं, वय आणि गावाचं नाव. त्या वेळी फ्रीझरमधली नळी पटकन सापडावी म्हणून कुणीतरी सोय केलेली. गाव लहान, वय माहीत, आजार माहीत. आणखी काय हवं? फायलींच्या आतही तपासलं, तिथे नव्हतं. नावं बदलली. जुन्या-नव्या नावांची जुळणी एकाच कागदावर आहे आणि तो मॅडमच्या कपाटात.

१ जुलै, सोमवार

पालख्या शहरात, रस्ते बंद, घरूनच काम.

पाइपलाइन नेक्स्टफ्लोमध्ये, म्हणजे असे टप्पे ओळीनं चालवणाऱ्या प्रणालीत, नव्यानं लिहून झाली. प्रत्येक टूल आपापल्या कंटेनरमध्ये, म्हणजे टूल, त्याची नेमकी आवृत्ती आणि लागणारा सगळा फाफटपसारा एका डब्यात बंद. आज फक्त दोन कंट्रोल मुंबईत चालवले. दुसऱ्या कंट्रोलच्या यादीत ७६१,१५५ या जागी सीचा टी झालेला दिसला. आरपीओबी जीनमधला एस४५०एल, रिफाम्पिसिनरोधाची सगळ्यात ओळखीची खूण. जीव भांड्यात पडला.

लॅबमधल्या जेआरएफ (कनिष्ठ संशोधक) पोरानं फोनवर विचारलं, "ताई, आपल्या जुन्या अहवालात तर एस५३१एल आहे." तेच ते, फक्त नंबर वेगळा. पूर्वी ई. कोलायच्या जीनवरून मोजायचे, आता क्षयजंतूच्या स्वतःच्या जीनवरून मोजतात. ५३१ वजा ४५०, ८१. गंमत म्हणजे रिफाम्पिसिनरोधाचे बहुतेक बदल जिथे होतात तो जीनमधला तुकडाही ८१ अक्षरांचाच. क्षयाची झटपट चाचणी करणारं सीबीनॅट मशीन याच तुकड्यावर डोळा ठेवून असतं. दोन ८१ चा एकमेकांशी काही संबंध नाही, पण दरवर्षी एखादा विद्यार्थी तो जोडतोच.

१२ जुलै, शुक्रवार

दुपारी ३.१० ला ९६ नमुने एकदम सोडले. ४.०५ ला सगळे ९६ हिरवे. पंचावन्न मिनिटं! सर्व्हरवर यालाच जवळजवळ एक दिवस लागायचा. खालून वडापाव आणले, मॅडमनी स्वतः पैसे दिले.

साडेपाचला पोरगा लॅपटॉप घेऊन आला. "ताई, सगळे संवेदनशील आलेत."

सगळे म्हणजे?

"सगळे. ९६ च्या ९६. दुसरा कंट्रोलसुद्धा."

वडापाव घशातच राहिला. या ९४ पैकी निदान वीस जंतू रिफाम्पिसिन घातलेल्या माध्यमात वाढताना आम्ही डोळ्यांनी पाहिलेत.

१५ जुलै, सोमवार

शनिवार-रविवार याच्यातच गेला. कारण सापडलं आणि ते इतकं क्षुल्लक आहे की लिहायलाही लाज वाटते. म्हणूनच सविस्तर लिहिते.

अहवाल बनवणारी स्क्रिप्ट माझी, २०१९ ची. ती दोन याद्या जुळवते. एक नमुन्यात सापडलेल्या बदलांची, दुसरी औषधरोधाशी जोडलेल्या बदलांची, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅटलॉगवरून केलेली. जुळवताना गुणसूत्राचं नाव आणि जागा दोन्ही पाहते. कॅटलॉगच्या यादीत नाव होतं एनसी_०००९६२.३. कंटेनरमधल्या संदर्भ-जीनोममध्ये (ज्याच्याशी नमुने ताडून पाहतो तो) त्याच गुणसूत्राचं नाव नुसतं 'क्रोमोसोम'. अक्षरं तीच, ४४,११,५३२, पाटी वेगळी. एकही ओळ जुळली नाही. जुळलेल्या बदलांची यादी रिकामी राहिली, आणि माझी स्क्रिप्ट रिकाम्या यादीचा अर्थ लावते : संवेदनशील.

मग सर्व्हरवर इतकी वर्षं कसं चालत होतं? शोधलं. २०१९ मध्ये तिथल्या संदर्भ-फाइलची पहिली ओळ मी हातानं बदलली होती. कुठेही नोंद नाही. ती एक ओळ त्या एका मशीनवर होती, बाकी जगात कुठेही नाही. १ जुलैला मी बदलांची कच्ची यादी पाहून खूश झाले, अहवाल उघडलाच नाही.

जॉब हिरवा होता, हेही इथे नोंदवते. जॉब हिरवा याचा अर्थ प्रोग्रॅम न रडता संपला, बस्स.

पाटी दुरुस्त करायला एक मिनिट लागलं. बाकी दोन दिवस दुसऱ्याच गोष्टीवर घालवले, आणि मला वाटतं या प्रकल्पातलं सगळ्यात कामाचं काम तेच. आता अहवालात प्रत्येक औषधापुढे तीनपैकी एक उत्तर येतं : 'खूण सापडली', 'पाहिलं, सापडली नाही' आणि 'पाहता आलं नाही'. ठरलेल्या जीनमध्ये कुठेही दहापेक्षा कमी वाचनं असतील, म्हणजे ती जागा दहा वेळाही वाचली गेली नसेल, तर तिसरं उत्तर. आणि दुसऱ्या कंट्रोलमध्ये आरपीओबीतला एस४५०एल आणि कॅटजी जीनमधला एस३१५टी (आयसोनियाझिडरोधाची खूण) हे दोन्ही दिसले नाहीत तर पाइपलाइन तिथेच थांबते, एकही अहवाल बाहेर येत नाही.

मॅडमना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "मग जुन्या अहवालांमधले 'संवेदनशील' कसे होते?" हा प्रश्न मला सुचायला हवा होता.

२५ जुलै, गुरुवार

रात्रीपासून धो धो. खडकवासल्यातून पाणी सोडलं, सिंहगड रस्त्याच्या सोसायट्यांत पाणी शिरलं, शाळा बंद. पोरगा तिकडेच राहतो. काल रात्री त्यानं घरूनच ९६ चा फेररन लावला होता. सकाळी दहाला मेसेज आला, "ताई, रन पहाटेच झाला. गाडी बुडाली."

त्याला आठवडाभर सुट्टी.

६ ऑगस्ट, मंगळवार

व्हर्जिनियातलं काम. सार्वजनिक नमुने ६१२. इथे स्वस्तातली मशीनं घेतली, ज्यांना स्पॉट म्हणतात. कंपनीकडे रिकामी पडलेली मशीनं ती मोठ्या सवलतीत देते, अट एवढीच की दुसऱ्या कुणाला लागली की दोन मिनिटांची सूचना देऊन काढून घेते. एसटीत राखीव सीटवर बसण्यासारखं आहे, मालक चढेपर्यंत आपली.

रात्री नऊला सोडलं. दहापर्यंत चाळीसेक जॉब एकाच तक्रारीनं पडले : डिस्कवर जागा नाही. एसआरएच्या आवळलेल्या फाइलमधून वाचनं उलगडताना तात्पुरती जागा मूळ फाइलच्या कितीतरी पट लागते, मी धरली होती दुप्पट. डिस्क २०० जीबीची केली आणि पुन्हा सोडलं. रात्रीतून मशीनं तीन वेळा काढून घेतली गेली. नेक्स्टफ्लो झालेलं काम धरून ठेवतो, अर्धवट राहिलेलेच नमुने पुन्हा लावतो. पहाटेपर्यंत ५७१ झाले. उरलेल्यांपैकी काही मुळातच तुटक वाचनांचे, काही क्षयाचे नाहीतच, नाव क्षयाचं आणि आत दुसराच मायकोबॅक्टेरियम. सार्वजनिक संग्रहात असं निघतंच. निवडून घ्यावं लागतं, तांदळासारखं.

२ सप्टेंबर, सोमवार

ऑगस्टचं बिल १९,८६० रुपये. जुलैचं ४,२१७ होतं. काकांचा फोन आला, आवाजात थोडा आनंदच होता.

शोधलं. मशीनं आम्ही बंद केली होती, पण त्यांना लावलेल्या डिस्क आपोआप जात नाहीत, तशी खूण करावी लागते, ती मी केली नव्हती. २०० जीबीच्या अकरा डिस्क व्हर्जिनियात महिनाभर कशालाही न जोडलेल्या पडून होत्या आणि त्यांचं भाडं चालू होतं. बिलातला मोठा वाटा तोच. चूक माझी.

खर्चाची सूचना लावलेली होती, ती आलीही. ती ज्या ईमेलवर जाते तो लॅबचा सामाईक पत्ता, कुणीच उघडत नाही. आणि सूचना म्हणजे नुसती सूचना, ती खर्च थांबवत नाही. आता ती थेट माझ्या फोनवर येते, आणि दर शुक्रवारी चार वाजता पोरगा बेवारस डिस्क शोधून पुसतो.

९ सप्टेंबर, सोमवार

दीड दिवसाचे गणपती पोचवून आले. शुक्रवारची बातमी आज नीट वाचली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं बहुऔषधरोधी क्षयासाठी 'बीपीएएलएम' उपचाराला मंजुरी दिली. बेडाक्विलिन, प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन, सहा महिने. आधीच्या उपचारांना वीस-वीस महिने लागत. रुग्णाच्या दृष्टीनं हा केवढा फरक आहे हे ज्यांनी ती औषधं पोटात ढकलली आहेत त्यांनाच कळेल.

आमच्या कामाच्या दृष्टीनं आता बेडाक्विलिन पुढे आलं. त्याचा रोध मुख्यतः आरव्ही०६७८ या जीनमधल्या बदलांतून येतो. जीन लहान, ४९८ अक्षरं. पण आरपीओबीसारखा एक ठरलेला ८१ चा तुकडा इथे नाही. बदल जीनभर कुठेही होतात, कधी एखादं अक्षर जास्तीचं घुसतं, कधी गळतं. संघटनेच्या कॅटलॉगची दुसरी आवृत्ती नोव्हेंबर २०२३ ची, ५२ हजारांहून जास्त जंतूंवर बेतलेली. तीत बदलांचे पाच गट आहेत, रोधाशी नक्की जोडलेल्यांपासून नक्की न जोडलेल्यांपर्यंत. या जीनमधले कितीतरी बदल मधल्या, तिसऱ्या गटात : अर्थ अनिश्चित. तो गट रिकामा व्हायचा तर जगभरचे जीनोम आणि त्यांच्या कल्चरच्या चाचण्या एका जागी याव्या लागतील. आमचे ९४ त्यात थेंबभर, पण तेही त्याच पद्धतीनं दळलेले हवेत, नाहीतर मिसळता येत नाहीत.

आमची यादी अजून २०२१ च्या पहिल्या आवृत्तीची होती. बदलली. पुन्हा ९६, पुन्हा तासाभराचं काम. जुन्या सर्व्हरवर असतं तर हे मी दिवाळीनंतरवर ढकललं असतं.

२३ सप्टेंबर, सोमवार

निकाल जमायला लागले. सार्वजनिक नमुन्यांत दक्षिणेकडचे जास्त लिनिएज १, उत्तरेकडचे लिनिएज ३, मुंबईच्या नमुन्यांत लिनिएज २ ठळक. जुनंच चित्र. याला भारताचा नकाशा म्हणायला मी तयार नाही. ज्यांचा आजार औषधांना दाद देत नव्हता त्यांचेच जंतू मुख्यतः वाचले गेलेत, साधा क्षय यात आलाच नाही. पोरानं रंगीत नकाशा काढलाय, सुरेख आहे, लेखात जाणार नाही. तो थोडा हिरमुसला.

जवळिकीचं मोजमाप. दोन जंतूंत पाचपर्यंत अक्षरांचा फरक असेल तर संसर्ग अलीकडचा असण्याची शक्यता, बाराच्या वर असेल तर थेट संबंध जवळजवळ नाही, हा रूढ ठोकताळा. एकसारख्या भासणाऱ्या पीई-पीपीई कुळातल्या जीन्स मोजणीतून वगळल्या, छोट्या तुकड्यांच्या वाचनात तिथे खरं-खोटं कळत नाही. आमच्यात एका जोडीत फरक शून्य! पोरगा उड्या मारायला लागला. मी प्लेटचा कागद काढला. दोन्ही नमुने प्लेटवर शेजारी शेजारी, डी५ आणि डी६. संसर्ग दोन माणसांत झाला की प्लेटवरच्या दोन वेलमध्ये (खळग्यांत), हे संगणक सांगणार नाही. दोन्ही नळ्यांतून डीएनए पुन्हा काढायचा.

लेखासोबत कच्चा डेटा फरीदाबादच्या इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटरमध्ये जमा करायचा. फॉर्म भरायला घेतलाय.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

जुन्या अहवालांची मॅडमनी सांगितलेली पडताळणी संपली. ९४ पैकी पाच नमुन्यांत निदान एका औषधापुढचं 'संवेदनशील' बदलून 'पाहता आलं नाही' झालं. खूण नवी सापडली असा एकही नाही. पण त्या पाचांत आम्ही जे लिहून दिलं होतं ते पाहून लिहिलेलं नव्हतं.

सुधारित अहवाल सहयोगी डॉक्टरांना पाठवले. हे संशोधनाचे अहवाल आहेत, उपचारासाठी नाहीत, असं प्रत्येक पानावर छापलेलं असतं. डॉक्टर तरीही वाचतात, आणि वाचावेतच. दुपारी फोन आला. "३७ नंबरला बेडाक्विलिनपुढे 'पाहता आलं नाही' म्हणजे काय? आधी तर संवेदनशील होतं."

मी सांगितलं. आरव्ही०६७८ च्या एका भागात फक्त सहा वाचनं आहेत. सहाही साफ आहेत, पण सहाच आहेत.

थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पुन्हा पाहता येईल का?"

पोराला खाली पाठवलं. उणे ८० च्या फ्रीझरमध्ये तिसरा रॅक, निळा बॉक्स. वीस मिनिटांनी हातमोज्यांवरचा बर्फ झटकत वर आला. नळी आहे, लेबल वाचता येतंय, ४० मायक्रोलिटर शिल्लक. सोमवारच्या लायब्ररीत (वाचनासाठी डीएनए तयार करण्याच्या फेरीत) ३७, डी५ आणि डी६ घ्यायचे. डी५ आणि डी६ या वेळी प्लेटच्या दोन टोकांना.